घासून, उन्हात वाळवूनही भांड्याला खवट वास परत का येतो?

गेल्या वर्षी पुण्याला नणंदेकडे शेंगा चटणीचा डबा पाठवला. आठवड्याने तिचा फोन आला, "वहिनी, शेंगा जुन्या होत्या का हो?" मला राग आला. शेंगा मी स्वतः आमच्या सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या भुसार दुकानातून निवडून आणल्या होत्या, आणि भाजतानाच घरभर वास सुटला होता. पुढच्या खेपेला दुकान बदललं, लसूण नवा घेतला, मीठसुद्धा तव्यावर गरम करून कोरडं केलं. आठव्या दिवशी पुन्हा तेच. चटणी तोंडात घातली की आधी तिखट लागायचं, आणि मग जिभेच्या मागे काहीतरी कडवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखं उरायचं.

तिसऱ्या खेपेला मिक्सर नेमका दुरुस्तीला गेला होता. सासूबाईंनी उखळ धुऊन काढलं आणि शेंगा, तिखट, जिरं, लसूण, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटलं. ती चटणी महिनाभर टिकली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मशिनला चव कळती का?" पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. शेंगा त्याच होत्या, तिखट तेच होतं, फक्त भांडं बदललं होतं.

मिक्सरचं भांडं मी दर वेळी घासत होते, वर गच्चीवर उन्हात पालथं घालत होते. सोलापूरच्या उन्हात एप्रिलमध्ये दोन तासांत कपडे वाळून कडक होतात, तिथे भांड्याला वास कसला राहतोय? रिकाम्या भांड्यात नाक घातलं तर काही नव्हतंही. त्यात कोमट पाणी ओतून झाकण लावलं, दहा मिनिटांनी उघडलं आणि वास भसकन बाहेर आला.

उन्हाने नेमकं काय होतं

आपल्याकडे कुठल्याही वासावर पहिला उपाय म्हणजे ऊन. बरणी असो, सोऱ्या असो, लाटणं असो, ठेव उन्हात. हा उपाय अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्याच खरेपणामुळे हा त्रास वर्षानुवर्षं संपत नाही.

खवटपणा म्हणजे तेलावर हवेतल्या प्राणवायूची प्रक्रिया. तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवा लागली की हळूहळू तुटतात आणि त्यातून हलके, उडून जाणारे पदार्थ तयार होतात. त्यातल्या काहींचा वास कळायला आपल्या नाकाला चिमूटभरही पदार्थ लागत नाही, त्याच्या कितीतरी कमी प्रमाणातही तो कळतो. भांडं उन्हात ठेवलं की हे उडणारे पदार्थ उडून जातात. वास गेला, आपण खूश. पण भांड्याच्या खाचेत जो तेलाचा पातळ थर उरलेला असतो, तो काही उडत नाही. उलट ऊन आणि उष्णता या दोन्हींमुळे त्याचं खवट होणं आणखी जोरात चालू राहतं. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की ही प्रक्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. आपल्या गच्चीवरची फरशी मे महिन्यात कशी तापते ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळी भांडं खाली आणून झाकण लावून कपाटात ठेवलं की आत पुन्हा नवा वास साठायला लागतो, आणि आठ दिवसांनी आपण म्हणतो, "अगं, घासलं होतं की!"

म्हणजे उन्हात वास जातो, तेल जात नाही. आधी तेल काढायचं, मग ऊन द्यायचं. हा क्रम उलटा केला की काम वाया.

तेल कुठलं वापरता यावरही बरंच ठरतं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल साधारण 70 ते 75 टक्के असतं, शेंगदाणा तेलात त्याच्या निम्म्याहूनही कमी. जितकं हे जास्त तितकं तेल लवकर खवट होतं आणि लवकर चिकट थर धरतं. करडईचं तेल चित्रकारांच्या रंगांतही वापरतात ते याच गुणामुळे, हवेत ते हळूहळू सुकून पापुद्रा धरतं. जवसाचं तेल त्याच्याही पुढे. ज्यांच्या घरी जवसाची चटणी वारंवार होते त्यांनी त्या भांड्याकडे जास्त लक्ष द्यावं. खोबरेल तेल याच्या दुसऱ्या टोकाला, त्यात सुमारे 90 टक्के मेद संतृप्त, म्हणून ते सावकाश बिघडतं. करडईचं तेल वाईट असं मी म्हणत नाही, आमच्या घरात भाकरीबरोबरच्या ठेच्यावर तेच लागतं. फक्त ते ज्या भांड्याला लागलं ते भांडं दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

आधी वासाचं घर शोधा

सगळी भांडी सोड्यात बुडवत बसायची गरज नसते, आणि आपल्याकडे तेवढं पाणीही नसतं. नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात "भरपूर पाण्याने धुवा" असा सल्ला देणाऱ्याला मी गच्चीवर टाकी बघायला पाठवीन.

वर सांगितलेली कोमट पाण्याची परीक्षा घ्या. भांड्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी, झाकण, दहा मिनिटं, मग नाक. झाकणाला वेगळं नाक लावा, रबराला वेगळं. झारा, उलथनं, कालथा असल्या वस्तूंना गरम पाण्यात बुडवून लगेच हुंगा. वास उठला की तिथे तेल आहे. दुसरी परीक्षा बोटाची: कोरड्या भांड्यावरून बोट फिरवा, बोट सरकताना किंचित अडखळलं तर तिथे जुन्या तेलाचा चिकटा आहे. स्वच्छ स्टीलवर बोट करकर वाजतं.

स्टील स्वतः वास धरत नाही, हे एकदा मनात पक्कं करा. स्टीलच्या वस्तूला वास येतो तो तिच्या जोडातून: मुठीच्या खिळ्याखालून, कडेच्या दुमडीतून, झाऱ्याच्या भोकांच्या मागच्या बाजूने, फोडणीच्या पळीला दांडा जिथे जोडलाय तिथून. त्यामुळे मधला पृष्ठभाग आरशासारखा घासून काही उपयोग नसतो.

मिक्सरचं भांडं

माझ्या भांड्यात वास होता तो पात्याखाली. तळाशी पातं ज्या दांड्यावर बसतं तिथे एक वॉशर असतो. काही भांड्यांत पातं हाताने फिरवून निघतं, माझ्यात निघत नव्हतं, मिक्सर दुरुस्तीवाल्याने काढून दिलं. वॉशरखाली एक तपकिरी, रबरासारखं लवचिक कडं निघालं, आंगठीएवढं. शेंगांची पेस्ट, लसूण आणि तेल यांचं, किती महिन्यांचं देव जाणे. ते त्याने चिमट्याने ओढून काढलं आणि माझ्यासमोर कागदावर ठेवलं. मी वास घेतला नाही, घ्यायची गरजच नव्हती. दर वेळी चटणी फिरली की या कड्यावरचं खवट तेल थोडं थोडं नव्या चटणीत मिसळत होतं. आणि खवटपणा हा विरजणासारखा वागतो, खराब झालेलं थोडं तेल चांगल्या तेलात गेलं की तेही लवकर बिघडायला लागतं.

नवा वॉशर बसवला. तेव्हापासून चटणी झाली की मी भांडं असं धुते. आधी आत उरलेली चटणी चमच्याने काढून मूठभर ज्वारीचं पीठ घालून एकदा फिरवते. कोरडं पीठ तेल ओढून घेतं आणि पात्याखालीही जातं. ते पीठ त्याच दिवशीच्या थालीपिठात जातं, त्याला शेंगाचटणीची चव लागते आणि वाया काही जात नाही. मग भांड्यात निम्मं गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून अर्धा मिनिट फिरवायचं. गरम म्हणजे हाताला सोसेल इतकंच. उकळतं पाणी घालून मिक्सर फिरवू नका, वाफेच्या दाबाने झाकण उडतं. झाकणाची रबरी रिंग नखाने काढून वेगळी धुवायची, तिच्या मागच्या खाचेत बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं. शेवटी भांडं तोंड खाली करून नाही, आडवं ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडून हवा जाते.

दरवेळी एवढं केलं तर सोड्याची वेळ येत नाही.

सोडा: कुठला, किती आणि कुठे अजिबात नाही

सोडा म्हटलं की गोंधळ होतो. खायचा सोडा वेगळा आणि धुण्याचा सोडा वेगळा. खायचा सोडा अगदी सौम्य, त्याचा पीएच (क्षारपणाचं माप, साधं पाणी 7) 8.3 च्या आसपास. तो वास थोडाफार धरतो, घासायला रवाळ म्हणून उपयोगी पडतो, पण साठलेलं तेल त्याला हलत नाही. धुण्याचा सोडा बराच कडक, 11 च्या आसपास. खवट तेलात जी सुटी मेदाम्लं झालेली असतात त्यांच्याशी तो जुळतो आणि त्यांचा साबणच बनतो, मग ते पाण्याने वाहून जातात. आजीच्या काळात चुलीतल्या राखेने तेलकट भांडी निघायची ती याच कारणाने, राखेतही असाच क्षार असतो. धुण्याचा सोडा किराणा दुकानात सुटा मिळतो, मागताना "धुण्याचा" असं स्पष्ट सांगा आणि घरी आणल्यावर डब्यावर लिहून ठेवा. आमच्याकडे एकदा भज्यांत पडता पडता वाचला आहे.

एक लिटर गरम पाण्याला एक मोठा चमचा. भांडं, झारा, किसणी, सोऱ्याचे पत्रे यात अर्धा तास. पाणी पिवळट आणि निसरडं झालं तर समजा काम चाललंय. फार जुना, मधासारखा पिवळा थर असेल तर रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा गरम पाणी घाला. हातात मोजे घाला, नाहीतर बोटांची कातडी दुसऱ्या दिवशी सुरकुतते.

ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा कधीही नको. ॲल्युमिनियम त्यात झिजतं, काळं पडतं आणि खडबडीत होतं, मग त्या खडबडीत पृष्ठभागावर तेल आणखी घट्ट बसतं. जुने कुकर, इडलीपात्रं, काही सोऱ्यांचे साचे ॲल्युमिनियमचे असतात. शंका असेल तर लोहचुंबकाने ठरत नाही, कारण काही स्टीललाही चुंबक लागत नाही. वजनाने ठरवा, ॲल्युमिनियम हाताला हलकं लागतं. अशा भांड्यांना नुसतं गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण, तोही दोन वेळा.

आणि सोड्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालून फेस बघत बसणं बंद करा. फेस छान दिसतो, पण क्षार आणि आम्ल एकमेकांना खाऊन टाकतात आणि खाली मिठाचं पाणी उरल्यासारखं होतं. दोन्हींचा उपयोग आहे, पण वेगवेगळ्या वेळी.

आंबटाची वेळ शेवटी येते, आणि त्याचं कारण आपलं पाणी. बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना साबणाशी मिळून भांड्यावर पांढरट, मेणचट पापुद्रा धरतो. बादलीच्या काठाला साबणाचा जो खरखरीत थर येतो तोच. या पापुद्र्यात तेल अडकून बसतं आणि आपण त्यावर आणखी साबण लावत राहतो. म्हणून सोड्याचं पाणी ओतून दिल्यावर भांड्याला लिंबाची फोड, पाण्यात कोळलेली चिंच किंवा पाण्यात घातलेलं व्हिनेगर चोळून मग धुवायचं. चिंचेने पितळ घासणाऱ्या घरात हे नवीन नाही. शक्य असेल तर शेवटचं विसळणं नळाच्या साठवलेल्या पाण्याने करा, बोअरच्या नको. एक तांब्या पुरतो.

लाकूड

लाटणं, पोळपाट, रवी, लाकडी उलथनं. लाकूड तेल पिऊन बसतं, त्यामुळे सोड्यात भिजवत ठेवायचं नाही. ते फुगतं, वाळताना तडकतं आणि मग त्या चिरांतच पुढच्या वर्षीचा खवटपणा राहायला जातो. कोरडं पीठ भरपूर चोळून पुसा, ते पीठ टाकून पुन्हा चोळा. मग जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन रेषांच्या दिशेने घासा, गरम पाण्याने पटकन धुवा आणि सावलीत, वाऱ्यावर उभं करून दोन दिवस वाळवा. लाकडाला ऊन नंतर, आणि तेही सकाळचं.

एवढ्यानेही वास राहिला तर वरचा थरच काढावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो, आधी 120 नंबरचा आणि मग 220 चा. माझ्या पोळपाटाचा मी वरचा पिवळा थर काढला तेव्हा खाली शिसवीचा खरा रंग निघाला, लग्नातलं पोळपाट वीस वर्षांनी पहिल्यांदा दिसलं.

आता जी चूक माझ्याकडून झाली तीही सांगते. पॉलिश केल्यावर लाकूड कोरडं दिसतं म्हणून मी त्याला हौसेने करडईचं तेल चोळलं. महिन्यात पोळपाट चिकट झालं आणि पोळीला वास यायला लागला. करडईसारखं तेल पोळपाटाला चोळू नये. चोळायचंच तर खोबरेल तेलाचे चार थेंब, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं.

लोखंडी तवा, कढई आणि पितळी तेलभांडं

लोखंडी तव्याचा काळा थर हा घाण नाही, तो भाजून घट्ट झालेल्या तेलाचाच थर आहे आणि तो हवा असतो. पण तवा पंधरा दिवस वापरलाच नाही आणि ठेवताना वरून चमचाभर तेल माखून ठेवलं, तर ते तेल ना भाजलेलं ना पुसलेलं, मधल्या मध्ये खवट होतं. तवा आचेवर ठेवून धूर निघेपर्यंत तापवा, खिडकी उघडी ठेवून. मग गार झाल्यावर धुवा आणि पुन्हा तापवून तेलाचा इतका पातळ हात द्या की बोटाला लागू नये. कोरडा वाटला तर हरकत नाही.

पितळेची गोष्ट जरा वेगळी. सासूबाईंचं तेलाचं पितळी भांडं होतं, त्याची आतली कल्हई कधीच गेलेली होती. तांबं आणि लोखंड हे दोन्ही धातू तेलाला खवट करायला मदत करतात, आणि पितळेत तांबंच जास्त. कल्हईचं कथील मध्ये असेतोवर तेल आणि तांबं भेटत नाहीत. कल्हई गेली की ते भांडं कितीही चकचकीत घासा, त्यात घातलेलं तेल इतर भांड्यांपेक्षा लवकर वास मारायला लागतं. हे सासूबाईंना पटवायला मला सहा महिने लागले. शेवटी एकाच बाटलीतलं तेल निम्मं त्यात आणि निम्मं स्टीलच्या भांड्यात ठेवलं, तीन आठवड्यांनी त्यांच्याच हातात दोन्ही दिली. त्यांनी दोन्ही हुंगली, पितळी भांडं बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "कल्हईवाला आला की सांग मला." आता कल्हई करून त्यात सुपाऱ्या ठेवतात.

ज्याला कोणी दोष देत नाही ते तेलाचं भांडं

सगळी हत्यारं स्वच्छ झाली तरी वास परत येत असेल, तर बहुतेक वेळा तो शेगडीशेजारच्या तेलाच्या किटलीतून येतो. किटलीत दोन बोटं तेल उरलं की आपण वरून नवं ओततो. तळाचं ते दोन बोटं तेल कधी संपतच नाही. घाण्याच्या तेलात तळाशी गाळ बसतो, तो आणखी वाईट. वर शेगडीची धग, झाकण अर्धवट, आणि शेजारी खिडकी असेल तर ऊनही. अशा किटलीतलं तेल प्रत्येक फोडणीत, प्रत्येक झाऱ्यावर, प्रत्येक फडक्यावर जातं.

किटली पूर्ण रिकामी झाल्याशिवाय भरायची नाही, आणि भरण्याआधी सोड्याने धुऊन पूर्ण वाळवायची, पाण्याचा थेंबही राहू द्यायचा नाही. जमत असेल तर दोन लहान किटल्या ठेवा, एक वापरात, एक धुऊन वाळत. आठवड्याला पुरेल एवढंच तेल बाहेर, बाकी डब्यात, अंधारात, शेगडीपासून लांब. काचेची पारदर्शक बाटली ओट्यावर शोभते, पण प्रकाशाने तेल बिघडतं. ठेवायचीच असेल तर तिला कागद गुंडाळा.

तळणीचं तेल तर दिवाळीचा शाप आहे. चकल्या, शेव, अनारसे झाले की कढईतलं काळपट तेल "फोडणीला चालेल" म्हणून गाळून किटलीत जातं. वारंवार तापलेल्या तेलात जे पदार्थ साठतात त्यांच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 25 टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे, ती त्याहून वर गेली की ते तेल व्यावसायिकांनी वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरात कोणी मोजत नाही. मी एकच नियम पाळते: ताटलीत ओतल्यावर ज्या तेलाचा तळ नीट दिसत नाही, किंवा जे गरम होताच फेसाळतं, ते फोडणीत जाणार नाही. मोरीतही ओतायचं नाही, पाइप तुंबतो. बाटलीत भरून टाकायचं.

सोऱ्याचं दुखणंही यातूनच. दिवाळीनंतर घाईत धुतलेला सोऱ्या कागदात गुंडाळून माळ्यावर जातो आणि संक्रांतीला, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत पाहुण्यांसाठी शेव करायला काढावा तर नाक धरावं लागतं. पत्र्याच्या भोकांत वाळलेलं पीठ आणि तेल दोन्ही असतात. पत्रे रात्रभर गार पाण्यात ठेवा, म्हणजे पीठ फुगेल, मग सुईने किंवा जुन्या दातांच्या ब्रशने भोकं मोकळी करा. सोडा त्यानंतर. आधीच गरम सोड्यात टाकलं तर पीठ शिजून भोकांत घट्ट बसतं, हे मी दोन वेळा करून बघितलंय. आणि गुंडाळताना वर्तमानपत्र नको, सुती फडकं बरं.

फडकं आणि घासणी

आमच्याकडे जुना टॉवेल फाटला की त्याचं ओट्याचं फडकं होतं. सोलापुरी टॉवेलचे ते उभे धागे पाणी जसं पितात तसं तेलही पितात. सकाळी ओटा पुसला, दुपारी धुतलेली कढई त्याच फडक्याने पुसली, की सगळा वास कढईवर परत. ओट्याचं फडकं आणि भांडी पुसायचं फडकं वेगळं ठेवा, दोन्ही आठवड्यातून एकदा सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. या फडक्यांना मात्र गच्चीवरचं ऊन भरपूर द्या, उकळल्यानंतर. तेलकट भांडी घासून झालेली घासणी मुठीत पिळून हुंगा एकदा, कळेल. तिला धुऊन वास जात नसेल तर बदला, पाच-दहा रुपयांसाठी जीव टाकू नका. नारळाच्या काथ्याचा चोथा सगळ्यात बरा, तो वाळतो लवकर.

जिथे हात टेकावे लागतात

प्लॅस्टिक. डब्यांचं प्लॅस्टिक स्वभावानेच तेलाच्या जातीचं आहे, तेल त्यात नुसतं चिकटत नाही, आत शिरतं. सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर, मग चुरगळलेले कागद भरून झाकण लावून चार दिवस, पुन्हा धुणं, असं करून वास अर्ध्यावर येतो. डबा ताजा असेल तर पूर्ण जातो. पिवळा पडून चिकट झालेला डबा असेल तर माझ्या हातून आजवर एकही सुटलेला नाही. त्यात डाळही ठेवू नका, डाळ वास ओढते. कुकरची रबरी रिंगही याच जातीची, ती कडक झाली असेल तर धुण्यापेक्षा नवी घ्या. सिलिकॉनचे चमचे मात्र सोसतात, धुऊन ओव्हनमध्ये 120 अंशांवर अर्धा तास ठेवले की शिरलेला वास बाहेर निघतो. डब्यावर किती अंश सोसेल लिहिलेलं असतं ते आधी बघा.

शेजारच्या अक्का तेलुगू, त्यांच्याकडे आवकाय लोणचं दर उन्हाळ्यात तिळाच्या तेलात पडतं. त्यांच्या चिनी मातीच्या एका बरणीला काही केल्या वास जात नव्हता, बाकी दोघी ठणठणीत. आम्ही दोघींनी ती उन्हात तिरकी करून बघितली, तर आतल्या चकाकीला केसासारख्या बारीक तडा गेल्या होत्या आणि प्रत्येक तडेत तेल काळं झालं होतं. चकाकीखालची माती पाणी-तेल दोन्ही पिते, तिथे सोडाही पोचत नाही आणि लिंबूही. अक्कांनी तिच्यात आता अंगणात कोरफड लावली आहे. कोरफड बरी चालली आहे, पण दुपारी ऊन चढलं की त्या बाजूने गेलं तर अजून लोणच्याचा वास येतो.